आमची मांडवी, बडोद्याची मांडवी

आम्हा गोमंतकीयांना मांडवी म्हटले की पणजीची नदी आठवते. बडोद्याची मांडवी मात्र जुन्या शहराच्या मधोमध आहे. चार वेशींकडून येणारे रस्ते मिळतात तिथली ती मोगलकालीन, चारही बाजूंना कमानी असलेली इमारत. गुजरातीत मांडवी म्हणजे जकातनाका. शब्द ओळखीचा असला की अर्थही आपलाच, असे आपण धरून चालतो. रीतिरिवाजांचेही तसेच होते.

तुळशीचे लग्नच घ्या. आपल्याकडे ते कार्तिक द्वादशीला दारातल्या वृंदावनापाशी लागते. बडोद्यात कार्तिकी पौर्णिमेला नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे वरात, जुन्या शहरातून वाजतगाजत तुळशीकडे निघतो. 'हे कसले तुळशीचे लग्न?' असे म्हणणे सोपे आहे. पण परक्याच्या मापाने मोजले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक? १७३६ साली गोव्यातल्या इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून घराशी तुळस लावण्यावर बंदी घातली होती.

मग जी जी रूढी ती ती चांगलीच म्हणायची का? तसेही नाही. बडोद्याच्याच तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. बालविवाह ही रूढीच होती, पण तीत पोरीबाळींचे आयुष्य भरडले जात होते. दारातल्या तुळशीने कुणाचे काय बिघडवले होते?

दुसऱ्याची रीत आपल्यासारखी आहे का, हे विचारण्याआधी तिने कुणाला इजा होते का, हे विचारावे.