मेंदूचे चित्रण आणि संशोधनपदवीचे आवेदनपत्र : डिलाईल रोड-परळ परिसराच्या संदर्भात

विद्यापीठांचे इतिहास आपल्याकडे बहुधा इमारतींचे, देणगीदारांचे व कुलगुरूंचे इतिहास असतात. संशोधनपदवीसाठी विद्यार्थ्याने भरावयाचे आवेदनपत्र हेही एक ऐतिहासिक साधन आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः कोणता प्रश्न कोणी विचारावा याचा निर्णय त्या कागदावरील 'विषय' आणि 'विद्याशाखा' या दोन रकान्यांतच पुष्कळ अंशी होऊन गेलेला असतो. मेंदूच्या चित्रणाचा विषय या दृष्टीने बोलका आहे; आणि तो अभ्यासावयास डिलाईल रोड व करी रोडचा पूल ओलांडल्यावर पूर्वेस लागणारे परळ यांच्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

डिलाईल रोडला आता कामगारपुढारी ना. म. जोशी यांचे नाव आहे. 1920 नंतरच्या दशकात येथे बी. डी. डी. च्या 32 चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ 160 चौरस फूट. याच सुमारास, 1926 मध्ये, परळला महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत ही देणगीदारांची अट प्रसिद्ध आहे. 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाची भर पडली. गिरणगाव आणि वैद्यकीय संशोधन यांचा शेजार असा जुना आहे.

त्या काळी मेंदूचे चित्र म्हणजे मेंदूच्या आसपासचे चित्र असे. क्ष-किरणांत कवटीचे हाड उमटते, आतील मृदू पदार्थ उमटत नाही. वॉल्टर डँडी यांनी 1918 मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांची छाया टिपली. 1927 मध्ये लिस्बन येथे एगास मोनीझ यांनी रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडले. पोकळी सरकली वा वाहिनी वाकली की गाठ कोठे असावी याचे अनुमान बांधावयाचे. रुग्णास होणारा त्रास मोठा, आणि हे सारे शल्यचिकित्सकाच्या हातचे काम. तेव्हा या विषयावर प्रबंध लिहावयाचा तर तो वैद्यानेच, हे ओघानेच आले.

या रचनेस पहिला धक्का दिला तो किरणोत्सारी समस्थानिकांनी. 1948 मध्ये अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी किरणोत्सारी आयोडीनयुक्त रंगद्रव्य देऊन मेंदूतील गाठीचे स्थान गायगर गणकाने शोधण्याचा प्रयत्न केला. येथे मोजणारा पदार्थविज्ञानाचा माणूस रुग्णाच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला. आपल्याकडे तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी 1956 मध्ये सुरू झाली. 1962 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. आणि 1963 मध्ये तुर्भ्याच्या संस्थेने परळ येथे किरणवैद्यक केंद्र स्थापिले. त्या शास्त्राची पदविका मात्र 1973 मध्ये सुरू झाली. यंत्र, रुग्ण व शिक्षक हजर असूनही त्या ज्ञानास विद्यापीठाच्या पत्रिकेत नाव मिळावयास दहा वर्षे लागली. या विलंबाचा दोष कोणा एकावर टाकणे उचित नव्हे; जे शास्त्र दोन विद्याशाखांच्या सीमेवर जन्मास येते त्याला पालक शोधावा लागतो.

याचा सर्वांत विलक्षण दाखला परदेशातील आहे. 1956 मध्ये केपटाऊनच्या ग्रूटे स्खूर रुग्णालयात समस्थानिकांच्या वापरावर देखरेख करावयास पदार्थविज्ञ हवा होता, म्हणून अ‍ॅलन कॉरमॅक काही काळ तेथे जाऊ लागले. अनेक दिशांनी घेतलेल्या क्ष-किरणमापनांवरून शरीराचा आतील छेद गणिताने काढता येईल, हे त्यांनी 1963 व 1964 मध्ये प्रसिद्ध केले. त्याची दखल जवळजवळ कोणी घेतली नाही. पुढे गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे तसे यंत्रच सिद्ध केले, आणि 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा छेद दिसला. तो 80 गुणिले 80, म्हणजे अवघ्या 6400 चौकोनांचा होता. परंतु शल्यचिकित्सकास प्रथमच अनुमानाऐवजी मेंदू दिसला. 1979 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. कॉरमॅक यांनी डॉक्टरेट कधीच पुरी केली नव्हती, आणि हाउन्सफील्ड यांच्याजवळ विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती, फक्त एक पदविका होती. संशोधनपदवीच्या छाननीसमित्यांवर बसणाऱ्या आम्हा मंडळींनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

परळास 2002 मध्ये भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पॉझिट्रॉन-चित्रणाचे यंत्र आले. या चित्रणात ग्लुकोजसदृश द्रव्यास फ्लोरिन-18 जोडून मेंदूचा कोणता भाग किती इंधन वापरतो हे पाहतात. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटे. 1976 मध्ये अमेरिकेत मानवी मेंदूची अशी पहिली चित्रे घेतली तेव्हा हे द्रव्य ब्रुकहेवनहून फिलाडेल्फियास विमानाने न्यावे लागले होते. परळात द्रव्य आणि रुग्ण एकाच आवारात आले.

द्रव्य व रुग्ण असे जवळ येत असताना पदव्या मात्र दूर गेल्या. 1857 पासून मुंबईतील वैद्यक व विज्ञान या दोन्ही शाखा एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली होत्या. 1998 मध्ये नाशिकचे आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन वैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. पदार्थविज्ञान व मानसशास्त्र मुंबई विद्यापीठातच राहिले. आणि 2005 मध्ये अभिमत विद्यापीठ झालेल्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेकडे किरणवैद्यक केंद्राचे शिक्षण गेले. प्रशासनाच्या सोयीने प्रत्येक पाऊल समर्थनीय असेल. परंतु मेंदू एकच राहिला आणि त्याच्या नोंदवह्या तीन झाल्या.

आता असे समजा, की डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली एखादी विद्यार्थिनी पदार्थविज्ञानात एम्.एस्सी. झाली असून पक्षाघातानंतर वाचा परत येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे चुंबकीय अनुस्पंदन-चित्रण तिला अभ्यासावयाचे आहे. 2022 च्या विद्यापीठ अनुदान मंडळाच्या नियमांप्रमाणे तिला पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण हवेत; प्रवेशपरीक्षेस 70 व मुलाखतीस 30 टक्के भार; किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षे. हे सारे ती पुरे करील. अडचण पुढे आहे. तिचा मार्गदर्शक एका विद्यापीठाचा, रुग्ण दुसऱ्याशी संलग्न रुग्णालयातील, आणि नीतिसमितीची संमती त्या रुग्णालयाची. यंत्रावर दिवसभर आजारी माणसांची रांग. संशोधनास वेळ मिळणार तो उरलेला. याच नियमांत अन्य संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा आहे, परंतु ती सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने. म्हणून 'विषय' हा रकाना भरण्यापूर्वी तिने रुग्णालयातील सहमार्गदर्शकाचे लेखी संमतिपत्र मिळवावे, आणि यंत्राचे तास आठवड्यास किती मिळणार हे त्यात आकड्यांत लिहवून घ्यावे.