एका इंग्रजी क्रियापदाची वंशावळ
इंग्रजीतील ‘बी’ हे क्रियापद आज ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ अशा परस्परांशी नाते न सांगणाऱ्या रूपांनी वावरते, याचे कारण त्याची घडण एका नव्हे, तर अनेक प्राचीन धातूंच्या मिलाफातून झाली. त्यांतले ‘आर’ हे मूळ उत्तरेकडील बोलींतले. ज्या मुलखात डेन लोकांचा अंमल बसला, तेथे नॉर्स भाषेच्या सान्निध्याने ते बळावले आणि दक्षिणेतील बहुवचनी रूपांना शतकानुशतके मागे सारीत लंडनच्या प्रमाणभाषेत स्थिरावले. पुढे ‘दाउ आर्ट’ हे एकवचनी संबोधन मागे पडून एका व्यक्तीसही ‘यू’ म्हणण्याचा रिवाज रूढ झाला, तेव्हा अठराव्या शतकातील पुष्कळ सुशिक्षित लोक एकासाठी ‘यू वॉज’ आणि अनेकांसाठी ‘यू वेअर’ असा, माझ्या मते मोठा सयुक्तिक, भेद पाळीत. परंतु कालांतराने लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथने १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात ‘यू वॉज’ अशुद्ध ठरविले, नंतरच्या वैयाकरणांनी तोच निवाडा कायम केला, आणि एक उपयुक्त भेद प्रमाणभाषेच्या दप्तरातून खारीज झाला. इंग्लंडच्या बोलींत मात्र ‘यू वॉज’ आजही सर्रास ऐकू येते.