जुनी छायाचित्रे व स्थानिक इतिहास

गावाच्या किंवा परिसराच्या गतकाळाचा शोध घेण्याचे एक चित्ररूप साधन. कागदपत्रे, कोरीव लेख व मौखिक परंपरा यांच्या मानाने छायाचित्राकडे ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहण्यास बराच उशिरा प्रारंभ झाला. देशोदेशींच्या ग्रंथालयांनी आपले संग्रह महाजालावर खुले केल्यापासून हे साधन खेड्यातील अभ्यासकाच्याही आवाक्यात आले आहे. तथापि छायाचित्रकार जेथे पोहोचला तेथलेच चित्र मिळते, ही त्याची मूळ मर्यादा होय. काष्टी (ता. श्रीगोंदे, जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) यासारख्या गावाचा इतिहास शोधताना ती प्रकर्षाने जाणवते.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये यूरोपात जाहीर झाली आणि अल्पावधीतच भारतात आली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. त्या काळच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काच जागेवरच लेपून, ती ओली असतानाच चित्र घेऊन लगेच धुवावी लागे. त्यासाठी अंधारी राहुटी, रसायने व पाणी बरोबर न्यावे लागे. हलणारी माणसे व जनावरे काचेवर पुसट उमटत. त्यामुळे देवळे, मशिदी, किल्ले व पूल हेच छायाचित्रकाराचे सोयीचे विषय ठरले. गुरांच्या बाजारासाठी नावाजलेल्या काष्टीसारख्या गावाची गजबज तेव्हाच्या चित्रांत सापडू नये, यात नवल नाही.

पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाचे काम १८७४ पासून जेम्स बर्जेस यांच्याकडे होते. त्यांच्यामागून हेन्री कझिन्स यांनी ते पुढे नेले. कझिन्स यांच्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात (१९३१) श्रीगोंदे तालुक्यातीलच, भीमाकाठच्या पेडगावची लक्ष्मीनारायण व इतर मंदिरे आली आहेत. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये कैद करून जेथे आणले तो बहादूरगड याच गावी आहे. अशा चित्रांत सर्वेक्षकाचे लक्ष शिल्पावर असते. स्थानिक अभ्यासकाने मात्र चौकटीच्या कडेकडे पाहावे. तेथे नकळत आलेली धाब्याची घरे, पडक्या भिंती, झाडे व पाऊलवाटा यांची नोंद अन्यत्र क्वचितच मिळते.

काष्टीला बाहेरच्या जगाशी जोडणारी मोठी घटना म्हणजे दौंड–मनमाड लोहमार्ग. तो १८७८ मध्ये सुरू झाला आणि काष्टी हे त्यावरील एक स्थानक बनले. मार्गाच्या मातीकामावर १८७६–७८ च्या भीषण दुष्काळातील कष्टकरी राबले होते. त्या श्रमिकांचे चेहरे पाहावेत म्हणून शोध घेणाऱ्यापुढे बहुधा विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली सांगाड्यासारख्या माणसांची चित्रे येतात. ती मद्रास इलाख्यातील आहेत, दख्खनची नव्हेत. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची म्हणूनही ती वारंवार प्रसृत झाली आहेत. उपाशी माणसांना छायाचित्रासाठी बसविणे हा प्रकार मुळातच क्लेशदायक; त्यात एका प्रांताचे मृत दुसऱ्या प्रांताच्या नावावर घालणे म्हणजे त्यांची उरलीसुरली ओळखही पुसणे होय.

याहून फसवे उदाहरण विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातिजमातींविषयीच्या चित्रसंग्रहाचे (१८६३–६६). त्यातील अनेक चित्रांत स्वतंत्रपणे टिपलेल्या व्यक्ती वेगळ्या पार्श्वभूमीवर जोडलेल्या आहेत. त्यांतील पेहराव पुरावा म्हणून घेता येईल. मागील देखावा नव्हे. मिशनरी संग्रह वाचतानाही उद्देश ध्यानात ठेवावा लागतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे कार्य सुरू केले. मिशनऱ्यांची छायाचित्रे पुष्कळदा मायदेशीच्या देणगीदारांसाठी असत, म्हणून त्यांत शाळा, दवाखाने व दारिद्र्य यांवर भर आढळतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने विविध देशांतील मिशन-संग्रह ऑनलाइन एकत्र आणले आहेत. नगरच्या किल्ल्यात व छावणीत बोअर युद्धकैदी, पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन स्थानबद्ध ठेवले गेले. परिणामी येथील इतिहासाची साधने अनपेक्षित ठिकाणीही शोधावी लागतात.

शोध घेताना पहिली अडचण नावाची येते. इंग्रजी नोंदींत दौंडचे ‘धोंड’ होते. श्रीगोंद्याची नोंद ‘चांभारगोंदे’ या जुन्या नावाखालीही सापडते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, परंतु जुन्या सूच्यांत अहमदनगरचीच निरनिराळी रोमन रूपे आहेत. गावाच्या नावाने काहीच हाती न लागल्यास नदी, लोहमार्ग, तालुका किंवा छायाचित्रकार यांच्या नावाने शोधणे अधिक फलदायी ठरते. चित्राखालची ओळ ही कोणा सूचिकाराने, कदाचित अनेक दशकांनंतर, लिहिलेली असते हेही विसरता कामा नये.

काळनिश्चितीला चित्रातील वस्तू साहाय्य करतात. लोखंडी धावेच्या गाड्यांनंतर रबरी टायरच्या गाड्या आल्या. मोठ्या मुंडाशांबरोबर गांधी टोप्या दिसू लागल्या. धाब्यावर पत्रे चढले. विजेचे खांब उभे राहिले. यांपैकी कोणतीही एक खूण पुरेशी नसते. मुंडासे बांधणारा वृद्ध आणि टोपी घातलेला मुलगा एकाच चौकटीत असू शकतात. चित्राच्या पाठीवरील स्टुडिओचा शिक्का, कागदाची जात व हस्ताक्षर ही अधिक विश्वसनीय साधने. ऑनलाइन प्रतीत मात्र पाठ बहुधा दाखविलेलीच नसते.

काष्टीच्या विसाव्या शतकातील जीवनाची चित्रे परदेशी कपाटांत नव्हे, तर गावातील घरांच्या भिंतींवर व पत्र्याच्या पेट्यांत मिळण्याचा संभव अधिक आहे. लग्नाचे समूहचित्र, शाळेचा निरोप समारंभ, सोसायटीचे उद्घाटन, १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याचे काम किंवा बाजारात विकत घेतलेल्या बैलजोडीजवळ उभा असलेला मालक, यांना कोणतीही सूची नाही. त्यांतील माणसे ओळखणारी पिढी वेगाने नाहीशी होत आहे. चित्र उरले आणि नावे गेली, तर त्याचे मोल पेहरावाच्या नमुन्याएवढेच राहते. म्हणून चित्राची प्रत करताना उभ्या-बसलेल्यांची नावे डावीकडून क्रमाने, ती कोणी व केव्हा सांगितली यासह लिहावी. शंका असेल तेथे तीही नोंदवावी.

प्रत एकाच ठिकाणी ठेवणेही धोक्याचे असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकव्यवस्थेवर हल्ला झाला आणि तिचे ऑनलाइन संग्रह दीर्घकाळ वाचकांना बंद राहिले. भारतविषयक जुन्या छायाचित्रांचा एक मोठा साठा त्यांत होता. ज्यांनी प्रती व नोंदक्रमांक आधी उतरवून घेतले होते, त्यांचेच काम चालू राहू शकले.