चार ओळींतला इतिहास

आम्ही वसई-विरार पट्ट्यातल्या एका उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. वसईचा किल्ला मुलांनी पाहिलेला आहे. पण वसईच्या तहाचे साल विचारले की सगळा वर्ग माना खाली घालतो.

अशाच कंटाळलेल्या एका विद्यार्थ्याने एक काव्यप्रकार जन्माला घातला. एडमंड क्लेरिह्यू बेंटली (1875–1956) लंडनच्या शाळेत शिकत होता. सोडियम शोधणाऱ्या हम्फ्री डेव्हीवर त्याने वहीत चार वेड्यावाकड्या ओळी लिहिल्या. 1905 साली अशा रचनांचे पुस्तक निघाले. चित्रे त्याचा शाळासोबती चेस्टरटन याची. या प्रकाराला त्याच्याच मधल्या नावाने 'क्लेरिह्यू' म्हणतात. पहिल्या ओळीत थोर माणसाचे नाव, दोन-दोन ओळींचे यमक, मात्रांचा हिशेब नाही.

थोरांची टोपी उडवणे आपल्याकडे नवे नाही. उर्दूत मिर्झा सौदा (1713–1781) यांची हज्व प्रसिद्ध आहे. कुणावर राग आला की ते गुंचा नावाच्या नोकराला कलमदान आणायला सांगत, असा किस्सा 'आब-ए-हयात'मध्ये आहे. मराठीत आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' (1925) लिहून कवींची विडंबने केली. तेही पेशाने शिक्षकच. पण हज्व माणसाला जखमी करते. क्लेरिह्यू नुसता चिमटा काढतो.

आम्ही हा खेळ वर्गात आणला. अट एकच: चारांपैकी एक गोष्ट तरी खरी हवी. मग पुस्तक उघडावेच लागते! नमुन्यादाखल आम्हीच फळ्यावर लिहिले:

दुसरे बाजीराव
पुण्याहून वसईला घेतली धाव.
इंग्रजांच्या कागदावर केली सही,
मग पेशवाईत उरलं काही नाही.

वर्ग हसला. ऑक्टोबर 1802 मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पराभव केला, म्हणून पेशवे पळाले. 31 डिसेंबरला वसईत तह झाला. साल आता कुणी विसरत नाही.

इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपण यांच्यावर हसलो तर लोक काय म्हणतील?"

तेरा वर्षांच्या पोराने हे विचारावे, याचे आम्हाला वाईट वाटले. पण प्रश्न खोटा नव्हता. इतिहासातली नावे 'आपली' आणि 'त्यांची' अशी वाटून ठेवलेली आहेत. आम्ही फळा पुसला आणि लिहिले:

मुहंमद तुघलक,
तांब्याचं नाणं काढलं लखलख.
लोकांनी घरीच पाडली नाणी,
खजिन्याचं झालं पाणी.

हशा आधीपेक्षा मोठा होता. मग आम्ही विचारले, "आता सांगा, यातला आपला कोण?"

कुणी उत्तर दिले नाही. पण पुढच्या तासाला तोच मुलगा दोन्ही राजांवर नवे चुटके लिहून घेऊन आला. ज्याला आधी स्वतःवर हसता येते, त्याच्या हसण्याची कुणाला भीती वाटत नाही, एवढे त्याला समजले होते. आम्हाला मात्र हे शिकवायला बी.एड.नंतरही बरीच वर्षे लागली.