रोटाच्या थेंबांचं कुळ

लसीकरणाच्या दिवशी आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर थोडा वेळ बसलं की हे दिसतं. दीड महिन्याचं बाळ आईच्या मांडीवर, डोकं तिच्या कोपरावर टेकलेलं. सिस्टरच्या हातात सिरिंज, पण तिला सुई नाही. गाल हलकेच दाबून बाळाचं तोंड उघडायचं आणि औषध गालाच्या आतल्या अंगाला सावकाश सोडायचं. बाळ दोनदा मचमच करतं, थोडं ओठांवरून ओघळतं, आई पदराच्या टोकाने टिपते. रडणं सुरू होतं ते त्यानंतर, मांडीत सुई टोचली की. घरी गेल्यावर बोलणं होतं तेही सुईचं, मांडीवरच्या गाठीचं, रात्रीच्या तापाचं. त्याआधी तोंडात सोडलेला, हगवणीवरच्या लसीचा, म्हणजे रोटाचा डोस कुणाच्या बोलण्यात येत नाही.

माझ्या आजीची दोन मुलं हगवणीने गेली. दात येताना ढाळ व्हायचेच, असं तेव्हा सगळेच म्हणत. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, चिमटीत धरलेली कातडी जागेवर येईना, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. आजीने ते शेवटपर्यंत दातांवरच ढकललं. नातीला घेऊन उपकेंद्रावर बसले होते तेव्हा आजीची फार आठवण झाली, आणि या न रडवणाऱ्या डोसाचं कुळ शोधावंसं वाटलं. त्यातल्या बऱ्याच वाटा एका माणसाकडे जातात. अल्बर्ट कपिकियन.

न्यूयॉर्कमध्ये १९३० साली एका आर्मेनियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९५७ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये रुजू झाले आणि उभी हयात तिथेच राहिले. सुरुवातीची वर्षं सर्दी-खोकल्याच्या विषाणूंत गेली. पोटाकडे ते वळले तेव्हा तिथे जवळजवळ अंधारच होता. कॉलऱ्याचे, आमांशाचे, टायफॉइडचे जंतू ठाऊक होते. पण जुलाबाने आजारी पडलेल्या बहुतेक मुलांच्या शौचाच्या तपासणीत यातलं काहीच निघत नसे. विषाणू असणार असा तर्क होता. पण तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढत नव्हता, आणि जे वाढत नाही ते दाखवायचं कसं?

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी, ब्रॉन्सन प्राथमिक शाळेत उलट्यांची साथ आली. दोन दिवसांत विद्यार्थी-शिक्षक मिळून निम्मी शाळा आडवी झाली. मुलं घरी गेली आणि घरच्यांना लागण झाली. मग सगळे बरेही झाले. जंतू एकही सापडला नाही. साथ तिथेच विसरली गेली असती, पण घरी लागण झालेल्या एका रुग्णाचा नमुना जपून ठेवला गेला. एनआयएचमध्ये राफेल डोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणू अलीकडेच अडकावेत, आणि गाळून आलेलं पाणी तीन स्वयंसेवकांना पाजलं. दोघे आजारी पडले. म्हणजे गाळणीतून पार जाणारं, जिवाणूहून लहान असं काहीतरी त्यात नक्की होतं.

या प्रयोगमालेतले स्वयंसेवक मेरिलंडमधल्या तुरुंगातले कैदी होते. त्या काळी अमेरिकेत ही सर्रास रीत होती. पण बंद दाराआडच्या माणसाच्या होकाराला होकार म्हणायचं का, हा प्रश्न मला इथे सोडत नाही. त्यांची नावं कुठे नोंदलेली दिसत नाहीत. या वंशावळीत मात्र त्यांची जागा अगदी वरची आहे, ती मला सांगितलीच पाहिजे.

आता त्या पाण्यातला विषाणू पाहायचा होता. १९७० मध्ये कपिकियन लंडनला जाऊन जून अल्मेडा यांच्याकडे एक तंत्र शिकले होते. अल्मेडा या ग्लासगोच्या एका बसचालकाची मुलगी; सोळाव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. माणसाला होणारा करोना विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला तो त्यांनीच. त्यांचं तंत्र ऐकायला साधं आहे. शौचाच्या नमुन्यात नाना कणांचा इतका कचरा असतो की विषाणूचा एखादा सुटा कण ओळखूच येत नाही. पण आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तद्रवात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतात. तो रक्तद्रव नमुन्यात मिसळला की प्रतिपिंडं नेमके तेवढेच कण धरतात आणि त्यांचे पुंजके बांधतात. गर्दीत एकटा वारकरी ओळखू येणार नाही, पण दिंडी लांबूनही दिसते.

कपिकियन यांनी नॉरवॉकच्या गाळलेल्या पाण्यात बऱ्या झालेल्या स्वयंसेवकाचा रक्तद्रव मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाच्या हिरवट पडद्यावर शोध सुरू केला. दिसला तो गोलसर कणांचा पुंजका, प्रत्येक कण सुमारे २७ नॅनोमीटरचा, वर प्रतिपिंडांची दाट लव. आजारापूर्वीच्या आणि आजारानंतरच्या रक्ताची त्यांनी तुलना केली. आजारानंतर ती लव वाढलेली होती. म्हणजे हा कण तिथे योगायोगाने आलेला नव्हता, शरीर याच्याशीच लढलं होतं. १९७२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. गावाचं नाव विषाणूला चिकटलं, आणि पुढे त्याच्या सगळ्या भाऊबंदांना मिळून ‘नोरोव्हायरस’ म्हणू लागले. पुढच्याच वर्षी याच युक्तीने स्टीफन फाइनस्टोन, कपिकियन आणि रॉबर्ट परसेल यांनी हिपॅटायटिस ए चा विषाणूही शोधला.

पण तान्ह्या बाळांना सुकवून टाकणारा विषाणू यांतला एकही नव्हता. तो १९७३ मध्ये मेलबर्नला सापडला. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराचे इवलेसे तुकडे तपासले, आणि पेशी विषाणूच्या कणांनी भरलेल्या दिसल्या. बर्मिंगहॅमच्या थॉमस फ्लेवेट यांना तो आऱ्यांच्या चाकासारखा वाटला, म्हणून १९७४ मध्ये त्यांनी लॅटिन ‘रोटा’, म्हणजे चाक, हे नाव सुचवलं. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा ‘रोटा’ आणि आपला ‘रथ’ एकाच मुळाचे. हे कळल्यापासून नातीच्या लसीकरण कार्डावरचा तो शब्द मला परका वाटत नाही.

फ्लेवेट यांच्या गटाने त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि आपल्या डोसाची वंशावळ तिथून फुटते. वासरांना हगवण लावणारा विषाणू आणि मुलांचा विषाणू दिसायला सारखे होते, आणि एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्यालाही धरत होती. कपिकियन यांना इथे एडवर्ड जेन्नर आठवले. १७९६ मध्ये जेन्नर यांनी गाईच्या देवीचा द्राव टोचून माणसाच्या देवीपासून रक्षण केलं होतं. इंग्रजी ‘व्हॅक्सिन’मध्ये लॅटिन गाय आहे, आणि आपल्या ‘लस’ शब्दात फोडातून झिरपणारा तो चिकट द्राव. मग जनावराचा रोटा बाळाला पाजला तर?

माणसाचा रोटा तर काचेच्या भांड्यात वाढायलाच तयार नव्हता. रिचर्ड वायट, कपिकियन आणि सहकाऱ्यांनी तो निर्जंतुक वातावरणात जन्मलेल्या डुकराच्या पिलांमधून एकामागून एक ११ वेळा नेला, तेव्हा कुठे १९८० मध्ये तो पेशींवर नीट वाढला. त्यानंतर जे केलं त्याला मी कलमच म्हणेन. रोटाची जनुकं ११ सुट्या तुकड्यांत असतात. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले की पिलावळीत तुकड्यांची सरमिसळ होते. त्यातून दहा तुकडे जनावराचे आणि बाहेरच्या वेष्टनाचा एकच तुकडा माणसाचा, असे विषाणू निवडून काढले. बाळाच्या आतड्यात ते मवाळ राहतात, पण शरीराला चेहरा दिसतो तो माणसाच्या रोटाचा.

पहिली लस माकडाच्या रोटावर बेतलेली होती. ऑगस्ट १९९८ मध्ये तिला अमेरिकेत परवाना मिळाला. वर्षही पुरं झालं नव्हतं, तोवर काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरून अडकल्याच्या तक्रारी आल्या. जुलै १९९९ मध्ये लस देणं थांबलं आणि ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली गेली. धोका साधारण १०,००० बाळांत एकाला असा पुढे धरला गेला. अमेरिकेत रोटाने मूल दगावणं विरळा, तेव्हा तिथे तो निर्णय मला समजतो. पण भारतात त्या काळात रोटाने दरवर्षी हजारो मुलं जात होती. नंतरच्या वर्षांबद्दलच्या एका अभ्यासानेही वर्षाचा आकडा सुमारे ७८,००० धरला. इथला हिशेब वेगळा होता, आणि तरीही अमेरिकेने नाकारलेली लस आपल्या मुलांना कोणतं सरकार देणार? लस थांबली. मुलं जात राहिली. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

कपिकियन तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांचं म्हणणं होतं की डोस बाळ अगदी लहान असतानाच दिला तर धोका टळेल. घानामध्ये पहिल्या दोन महिन्यांतच दोन डोस देऊन त्याच लसीची पुन्हा चाचणी झाली. तिने सुमारे ६० टक्के संरक्षण दिल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. त्यांच्या हातात दुसरं कलमही तयार होतं, माकडाऐवजी वासराच्या रोटावर केलेलं. तो विषाणू ब्रिटनमधल्या वासराचा, म्हणून त्याचं नावच ‘यूके’. एनआयएचने त्याचे हक्क भारत, चीन आणि ब्राझीलमधल्या उत्पादकांना दिले. त्यातला एक धागा पुण्यात हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आला. तिथे माणसाचे पाच वेगवेगळे चेहरे लावलेल्या पाच विषाणूंची एक लस झाली, रोटासिल. भुकटीच्या रूपातली ही लस उन्हाळ्याची उष्णता सोसते, ३७ अंशांतही टिकते.

आपल्याकडे दुसरीही लस दिली जाते, रोटाव्हॅक. तिचं कुळ निराळं. दिल्लीच्या एम्समध्ये महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना १९८० च्या दशकात नवजात बाळांत एक निरुपद्रवी रोटा सापडला, त्यापासून ती हैदराबादला तयार झाली. तिच्या मोठ्या चाचणीतलं एक केंद्र आपल्या वढूला होतं, संभाजी महाराजांच्या समाधीच्या गावी. २०१६ मध्ये चार राज्यांत सरकारी लसीकरणात रोटा आला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातही पोचला.

कपिकियन २०१४ च्या फेब्रुवारीत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात, मराडीच्या परिसरात, पुण्याच्या लसीची चाचणी सुरू झाली. २०१७ मध्ये निकाल आला: तीव्र आजार सुमारे ६७ टक्क्यांनी कमी. तो त्यांना पाहायला मिळाला नाही.

माझ्या नातीच्या कार्डावर रोटाच्या तीन चौकटी आहेत. तिसरी भरून तीन महिने होत आले. परवा तिला वाटीने पाणी पाजत होते, तर कडेला टक् असा आवाज आला. बोट घालून पाहिलं, खालच्या हिरडीत पहिला दात लागला.