फिडल नक्की कुणाचं?

'कम ऑन आयलीन' मी पहिल्यांदा ऐकलं ते ऑफिसच्या बसमध्ये. गाणं मधेच एकदम मंदावतं आणि मग हळूहळू वेग घेत सुसाट सुटतं. मला वाटलं, ॲपचं स्पीडचं सेटिंग बिघडलं. दोनदा चेक केलं!

हे गाणं डेक्सिस मिडनाइट रनर्स या बँडच्या 'टू-राय-ए' अल्बममधलं, साल १९८२. न्यू वेव्हचा काळ, म्हणजे जिकडेतिकडे सिंथेसायझर. आणि यांनी काय आणलं? फिडल, बँजो, अकॉर्डियन. आयरिश लोकसंगीताचा सगळा जामानिमा, खाली सोल आणि पॉपचा ठेका.

गायक केविन रोलंड जन्मला इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला, पण आईवडील आयर्लंडच्या मेयोचे. बँड शेजारच्या बर्मिंगहॅमचा. नोव्हेंबर १९७४ मध्ये त्या शहरातल्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, २१ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या साध्या आयरिश माणसांकडेही लोक संशयाने बघायला लागले. सहा जणांना जन्मठेप झाली. ती शिक्षा चुकीची म्हणून रद्द झाली थेट १९९१ मध्ये. म्हणजे हा अल्बम आला तेव्हा ते सहाही जण आतच होते. अशा शहरातून कुणी आयरिशपण असं मोठ्या आवाजात वाजवतं, तेव्हा ती नुसती फॅशन राहत नाही, असं मला वाटतं.

आता गंमत बघा. फिडल वाजवणारी हेलन ओ'हारा मुळात हेलन बेव्हिंग्टन. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकणारी मुलगी. ते आयरिश आडनाव तिला बँडसाठी दिलेलं!

आणि तो आवाज तरी कुणाचा? केविन आर्चर हा बँडचा जुना गिटारवाला. तो बाहेर पडून स्वतःचा बँड जमवत होता. त्याच्या डेमोत फिडल होतं, आणि गाणं मंदावून वेग घेण्याची ती युक्तीही होती. रोलंडने दोन्ही उचललं, आणि पुढे हे स्वतःच कबूल केलं. आम्ही कोड लिहिणारे याला म्हणतो, 'कमिट माझा, नाव तुझं'. मीही हे भोगलंय, त्यामुळे आर्चरबद्दल जरा जास्तच कळवळा येतो, हे आधीच सांगून टाकतो.

गाणं मात्र तुफान चाललं. ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिलं, त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल. एप्रिल १९८३ मध्ये अमेरिकेतही एक आठवडा पहिलं, तेही मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन' आणि 'बीट इट' यांच्या मधोमध घुसून!

रोलंडला अल्बमचं मिक्सिंग कधीच पटलं नव्हतं. २०२२ मध्ये, चाळीस वर्षांनी, त्याने ते नव्याने करून घेतलं. मी दोन्ही लागोपाठ ऐकले. नवं जास्त स्वच्छ आहे, पण बसमध्ये मी अजून जुनंच लावतो.