बंगळूरला येणाऱ्या पाहुण्यास

परमुलुखात राहणाऱ्या मराठी गृहस्थाच्या घरी पाहुणा आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक ठरलेला प्रश्न विचारतो, "इथे पाहण्यासारखे काय आहे?" बंगळूरात हा प्रश्न पुष्कळदा थोड्या निराळ्या रूपाने येतो. पाहुणा चहाचा पेला खाली ठेवतो आणि म्हणतो, "शहाजीराजांचा वाडा कुठे आहे? आधी तो पाहू."

मी मल्लेश्वरम् या जुन्या वस्तीत राहतो आणि या प्रश्नाचे उत्तर मला बरेच वेळा द्यावे लागले आहे. उत्तर दोनच शब्दांचे आहे : वाडा नाही. परंपरा तो चिकपेठेच्या परिसरात होता असे सांगते, पण आज त्याची एक भिंतही दाखविता येत नाही. हे ऐकून पाहुण्याचा चेहरा उतरतो. अशा वेळी यजमानाने काय करावे? माझ्यापुरता मी एक क्रम ठरविला आहे. पाहुण्याला चार ठिकाणी न्यावयाचे, आणि वाड्याचा विषय अगदी शेवटी काढावयाचा. आज तोच क्रम आपल्यापुढे मांडतो.

त्याआधी इतिहासाची थोडी उजळणी करू. यलहंक्याच्या केंपेगौडांनी १५३७ साली मातीचा कोट घालून हे शहर वसविले. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या हाताखालील विजापुरी फौजेने ते तिसऱ्या केंपेगौडांकडून घेतले आणि या मोहिमेतील प्रमुख सरदार शहाजीराजे यांना ते जहागीर म्हणून मिळाले. जिजाबाई व बाल शिवाजी काही काळ येथे येऊन राहिले. जयराम पिंड्ये नावाचा कवी महाराष्ट्रातून येथवर आला आणि त्याने 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य रचले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. त्यात शहाजीराजांच्या दरबारी अनेक भाषांचे कवी हजेरी लावताना दिसतात. १६६४ साली होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून राजांचा अंत झाला. जहागीर व्यंकोजीराजांकडे आली. पुढे त्यांनी तंजावर घेतले आणि दूरचे बंगळूर सांभाळणे त्यांना जड वाटू लागले. १६८७ साली मोगल सरदार कासिमखान याने शहर घेतले व ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हाती गेले. त्यासाठी तीन लक्ष रुपये मोजले गेले. म्हणजे भोसल्यांची येथील सत्ता उणीपुरी पन्नास वर्षांची.

आता पाहुण्याला घेऊन घराबाहेर पडू. पहिली सकाळ काडु मल्लेश्वराची. 'काडु' म्हणजे रान. रानातला हा मल्लेश्वर ज्या खेड्यात होता त्याचे नाव मल्लपूर, आणि त्याच देवावरून आमच्या वस्तीला मल्लेश्वरम् हे नाव पडले. पाहुण्याने येथे उजाडताच जावे. पायऱ्या ओल्या असतात, झाडांवर पाखरांचा कलकलाट असतो आणि बंगळूरच्या हवेची जी कीर्ती आपण ऐकलेली असते ती खरी वाटावी असा गारवा असतो.

दर्शन झाले, की मी पाहुण्याला येथील १६६९ सालच्या शिलालेखाविषयी सांगतो. व्यंकोजीराजांनी मल्लपूरच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. पाहुणा सुखावतो. "म्हणजे हे देऊळ आपलेच!" असे तो म्हणतो. मग मी त्याला पुढची गोष्ट सांगतो. हा लेख कन्नडात आहे. शिवछत्रपतींच्या सावत्र भावाने, वेरूळच्या भोसल्यांच्या वंशजाने, येथील देवाला दान दिले ते येथील लोकांना वाचता येईल अशा भाषेत कोरले गेले. दान देणारा राजा होता हे खरे, परंतु ज्या गावाला ते द्यावयाचे त्या गावाची भाषा त्याने प्रमाण मानली. 'आपले' या शब्दाचा अर्थ येथे थोडा मोठा करून घ्यावा लागतो.

समोरच रस्त्यापलीकडे नंदीतीर्थ आहे. मातीखाली गाडले गेलेले हे स्थान १९९७ साली खणून मोकळे करण्यात आले. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि पुढे कुंडात जाते. हे तीर्थ काही हजार वर्षांचे आहे असे सांगणारा कोणी तरी तेथे भेटतोच. पाहुण्याने ते आदराने ऐकावे, वहीत मात्र उतरवून घेऊ नये. भाविकाची श्रद्धा आणि इतिहासाचा पुरावा या दोहोंची गल्लत न करणे, ही प्रवाशाने पाळावयाची पहिली शिस्त होय.

तेथून आठव्या क्रॉसच्या बाजाराकडे उतरावे. मोगरा, शेवंती, कनकांबर यांचे ढीग आणि ते हाताने मापून देणाऱ्या फुलवाल्या येथे भेटतात. हे पाहता पाहता दोन गोष्टी ध्यानात याव्यात. येथील दोन मोठे रस्ते झाडांच्या नावाने ओळखले जातात. एक संपिगे रस्ता, म्हणजे सोनचाफ्याचा. दुसरा मार्गोसा रस्ता, म्हणजे कडुनिंबाचा. दुसरी गोष्ट म्हणजे आखणी. आडवे क्रॉस ओळीने क्रमांक घेऊन उभे, आणि जुन्या घरांच्या पाठीमागून सफाईसाठी सोडलेली अरुंद बोळे. ही टापटीप कोठून आली, असे पाहुण्याने विचारावे अशी माझी अपेक्षा असते.

ती प्लेगमधून आली. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. दुसऱ्या वर्षी पुण्याने काय सोसले हे मराठी माणसास सांगावयास नको. तीच साथ रेल्वेच्या मार्गाने हुबळीवरून पुढे सरकली आणि ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळूरात शिरली. जुन्या पेठेतील दाट घरांत तिने हाहाकार केला. माणसे घरे सोडून माळावर राहू लागली. शहराच्या उत्तरेस मल्लेश्वरम् आणि दक्षिणेस बसवनगुडी या नव्या वसाहतींची आखणी त्याच दशकात चालू झालेली होती. प्लेगने त्यांची निकड पटविली. रुंद रस्ते, घराभोवती अंगण, मागे सफाईचे बोळ, ही सर्व त्या भयाने शिकविलेली शहाणीव आहे. आपल्याकडून या शहराकडे जे जे आले त्यात जहागीरदार होते, कवी होते, आणि ही साथही होती. यजमानाने हेही लपवू नये.

एवढे चालल्यावर भूक लागते. मार्गोसा रस्त्यावर सेंट्रल टिफिन रूम आहे. सगळे तिला सीटीआर म्हणतात. तेथील लोण्यातला मसाला डोसा खावा. दारात उभे राहून वाट पाहावी लागते, पण त्याचा त्रास मानू नये. वाट पाहणाऱ्यांत आजोबा, नातू, विद्यार्थी, बँकेचे साहेब सारे सारखेच असतात. डोशानंतर 'बाय-टू' कॉफी मागावी. बाय-टू म्हणजे एकाची कॉफी दोघांत वाटून. मागणाऱ्याला त्यात संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याच्या कपाळाला आठी पडत नाही. या शहराचा स्वभाव ओळखण्यास ही एक कॉफी पुष्कळ उपयोगी पडते.

दुसरा दिवस विज्ञानसंस्थेचा. मल्लेश्वरमपासून ती फार दूर नाही. जमशेटजी टाटांच्या दानातून आणि म्हैसूर दरबारने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था येथील जुनी माणसे आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' या नावानेच ओळखतात. दगडी मुख्य इमारत आणि तिच्यापुढील वृक्षांची रांग पाहुणे पाहतात. मी त्यांना तेथे एका मराठी मुलीची हकीकत सांगतो.

कमला भागवत हे तिचे नाव. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. तिचे वडील आणि चुलते याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठात गुणवत्ता यादीत पहिली येऊन तिने येथे प्रवेश मागितला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर वेंकट रामन. ती स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी अर्ज नाकारला. ती बंगळूरला आली आणि कारण विचारीत राहिली. अखेर एका वर्षाची परीक्षा म्हणून, काही अपमानकारक अटींवर, तिला घेण्यात आले. वर्ष संपले तेव्हा तिचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले, आणि पुढे स्त्रियांना त्या संस्थेचा दरवाजा उघडला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टर होऊन परतल्या. विज्ञानातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक म्हणून कमला सोहोनी हे नाव आज आपण अभिमानाने घेतो. रामन यांचे 'पंचवटी' हे घर आमच्या मल्लेश्वरमातच आहे. त्यांच्याविषयीचा आदर कमी न करता ही हकीकत सांगता येते आणि सांगावी. दरवाजा बंद करणाऱ्याचीही स्मृती हे शहर जपते, आणि तो उघडावयास लावणारीचीही.

त्याच दिवशी संध्याकाळी सँकी तलावावर जावे. अभियंता कर्नल सँकी यांनी तो १८८२ साली बांधविला. काठावरून एक फेरी मारली, की बाजूच्या सदाशिवनगरात शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा लागतो. पाहुणा हात जोडतो. मीही जोडतो. डिसेंबर २०२१ मध्ये या पुतळ्यावर कोणी तरी शाई ओतली, आणि त्याच सुमारास बेळगावात संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस झाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालत आलेला सीमेचा वाद आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या न्यायान्यायाची चर्चा येथे करावयाची नाही. पण दोन पुतळ्यांपैकी एकाचेच दुःख ज्याला होते, त्याने पुन्हा एकदा काडु मल्लेश्वराच्या पायऱ्या चढून त्या कन्नड शिलालेखाची आठवण करावी, एवढे मी पाहुण्याला नक्की सांगतो.

आता शेवटचा दिवस आणि वाड्याचा प्रश्न. संपिगे रस्त्याच्या स्थानकावरून मेट्रो घ्यावी. पुढचे स्थानक मॅजेस्टिक. तेथे जे प्रचंड बसस्थानक आहे ते धर्मांबुधी नावाच्या जुन्या तलावाच्या जागेवर उभे आहे. त्यापुढचे स्थानक चिकपेठ. जमिनीखालून वर यावे, तो आपण केंपेगौडांच्या शहरात. येथे पुण्याच्या माणसाला एकदम घरच्यासारखे वाटते, कारण प्रत्येक पाटीवर 'पेठ' हा शब्द आहे. अक्किपेठ तांदळाची, बळेपेठ बांगड्यांची, अरळेपेठ कापसाची. मालाच्या नावाने पेठा, आणि पेठांच्या नावाने माणसे ओळखली जात. कापडाच्या गर्दीतून चालताना मधूनच मराठी कानी पडते. भावसार, नामदेव शिंपी अशी कित्येक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या या शहरात आहेत. कन्नड वळणाने बोलली जाणारी त्यांची मराठी पाहुण्याने हसू नये, नीट ऐकावी. आपल्याकडे जे शब्द मागे पडले ते तिच्यात कधी कधी सापडतात.

आणि येथे, या गर्दीत, मी पाहुण्याला सांगतो, "आपण आता शहाजीराजांच्या बंगळूरात उभे आहोत." तो इकडे तिकडे पाहतो. वाडा नाही, तट नाही, जरीपटका नाही. पण ज्याला जयराम कवीचा तो दरबार आठवेल त्याला फार काही हरवल्यासारखे वाटणार नाही. त्या दरबारात जशा अनेक भाषा एकत्र नांदत होत्या तशा याच गल्ल्यांत त्या आजही नांदतात. कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू, मराठी, मारवाडी एकाच दुकानाच्या उंबऱ्यावर भाव करीत असतात. वाड्याची भिंत राहिली असती तर आपण तिचे चित्र घेऊन परतलो असतो. भिंत नाही, म्हणून माणसांकडे पाहावे लागते.

निरोपाच्या वेळी मी पाहुण्याला एक कन्नड शब्द शिकवितो. येथे घरातून निघणारा माणूस 'जातो' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'बर्तीनि', म्हणजे 'येतो'. आपल्याकडेही आजी आपल्याला हेच सांगत असे; 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून हे शहर अधिकृतपणे बेंगळूरु झाले. मराठीच्या जिभेवर बंगळूर रुळलेले आहे, ते राहील. पण या शहराच्या उंबऱ्यावरून उतरताना पाहुण्याने त्या शहराच्या भाषेत 'बर्तीनि' म्हणावे. व्यंकोजीराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी जी रीत दगडावर कोरून ठेवली, ती पाळल्यासारखे होईल.